द्रुत सुरू झाली की सीडी

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात मागाची खोली आहे. माग विकून बरीच वर्षं झाली, पण खोलीचं नाव तेच राहिलं. यंत्रमाग जिथे बोल्टने आवळलेले होते, तिथे शहाबादी फरशीवर सिमेंटचे गोल ठिगळ अजून दिसतात. भिंती जुन्या, दीड फूट जाडीच्या. गेल्या पावसाळ्यात दोन महिने मी या खोलीत एकच उद्योग केला. गंगूबाई हनगल यांचं एकच गाणं एकदा आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, एलपीवरून (जुन्या मोठ्या तबकडीवरून) आणि एकदा माझ्या सीडीवरून ऐकायचं, आणि जे ऐकू आलं ते वहीत लिहायचं.

एलपी आप्पांनी १९७४च्या दिवाळीत घेतली. कव्हरच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलने तारीख घातली आहे आणि कोपऱ्यावर मागाच्या तेलाचा अंगठा उमटला आहे. सीडी मी १९९९ साली पुण्याहून आणली, तेच ध्वनिमुद्रण. एका बाजूला एकच राग: सावकाश विलंबित एकताल, मग जलद लयीची द्रुत, आणि तबकडीच्या मध्याशी तानांचा पाऊस. हा क्रम ध्यानात ठेवा, पुढे सगळं त्यावरच येणार आहे.

आप्पा दिवसभर धोट्याच्या ठकठकीत उभे असत. रात्री माग थांबले की रेडिओ. आमच्याकडे धारवाड केंद्र लागायचं आणि सांगलीही. एकाच रेडिओतून कन्नड वचनं आणि मराठी नाट्यगीतं ऐकत आम्ही भावंडं वाढलो. मल्लिकार्जुन मन्सूर गात ती वचनं आईला आजही येतात, आणि तिला कन्नड अक्षर वाचता येत नाही. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी इथून जवळच, गंगूबाई हुबळीच्या, सवाई गंधर्व कुंदगोळचे. आप्पांना ही सगळी माणसं आपल्या गल्लीतली वाटत. तबकड्या त्यांनी फार घेतल्या नाहीत, एकोणीस. पण त्या एकोणीस आम्हाला पाठ आहेत, कुठे खरखर येते त्यासकट.

नवा टर्नटेबल मी दोन वर्षांपूर्वी घेतला. घरी आणून आप्पांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला जोडला आणि ऐकून मन खट्टू झालं. आवाज चिमणीएवढा, खर्ज नाहीच, सगळा नुसता चुरचुरीत पत्रा. गंगूबाईंचा तो भारदस्त, घुमणारा स्वर असा ऐकणं म्हणजे त्यांचा अपमान वाटला. ज्या दुकानातून घेतला तिथे विचारलं तर 'जुना अॅम्प्लिफायर बदला' एवढंच उत्तर. मग खडेबाजारच्या मागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्तीवाले काका बसतात, त्यांच्याकडे गेलो. बैलहोंगलकडचे, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतात. वायर बघून म्हणाले, "फोनो बेकु सर. हे असं नाही चालत ओ." बेकु म्हणजे पाहिजे.

ते बरोबर होतं, आणि मी विज्ञानाचा मास्तर असून मला ते ठाऊक नव्हतं. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे स्वर मुद्दाम वाढवतात. खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खाच इतकी नागमोडी होईल की एका बाजूवर मिनिटंच मावणार नाहीत, आणि वरचे स्वर वाढवून कापले की वाजवताना ते खाली आणता येतात, त्याबरोबर खरखरही खाली जाते. १९५४पासून याचं एक ठरलेलं माप आहे, आरआयएए नावाचं. वाजवताना फोनो सर्किट ते उलटं करतं: १००० हर्ट्झच्या मानाने २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबलने वर, २०,००० हर्ट्झला तेवढंच खाली. शिवाय चुंबकी कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, निघतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, आणि सीडी प्लेयरमधून २ व्होल्ट. आप्पांच्या चेंजरला, म्हणजे त्यांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेयरला, सिरॅमिक कार्ट्रिज होतं, त्याचं काम या सर्किटाशिवाय भागत असे. मी नवी सुई जुन्या खोबणीत घातली होती. छोटी फोनोची डबी मध्ये जोडली आणि गंगूबाई खोलीत आल्या.

तबकडी लोकांना का आवडत नाही असं कुणी सांगू लागलं की मी आधी विचारतो, फोनो लावलाय काय? एक वायर चुकली की तुलना तिथेच बाद.

दुसरी अडचण खास आमच्या वडगावची. आमचे माग गेले, शेजारचे चालू आहेत. त्यांचा आवाज भिंतीतून कमी येतो, पण हादरा फरशीतून येतो, आणि सुईला हादरा आणि गाणं यातला फरक कळत नाही. विलंबिताच्या मागे धड-धड-धड असा एक वेगळाच ताल. टेबलाखाली रबर घातलं, कांबळ्याची घडी घातली, काही उपयोग नाही. शेवटी जाड भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर कडाप्पा टाकला आणि टर्नटेबल त्यावर ठेवला. फरशीशी संबंधच तोडला, तेव्हा धडधड गेली. सीडी प्लेयर मात्र जमिनीवर ठेवला तरी त्याला काही नाही. या एका बाबतीत सीडीने आमच्यासारख्या मागवाल्या वस्तीवर उपकार केले आहेत.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि ती मला कानाने सापडली याचा मला अभिमान आहे. सीडी लावून इलेक्ट्रॉनिक तंबोरा तिच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला, लावला, मग एलपी लावली, तर षड्ज जुळेना. एलपी खाली. अर्ध्या सुराच्याही अर्ध्याने असेल, पण खाली. वेग ३ टक्के कमी झाला तर साधारण एवढाच फरक पडतो. आता चूक कुणाची? तबकडीची, की सीडीसाठी टेप चढवणाऱ्याची? त्याला एक जुना उपाय आहे, पट्ट्यापट्ट्यांची गोल चकती. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणाऱ्या चकतीवर १८० पट्ट्या असतील, तर त्या उजेडात पट्ट्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. बहुतेक एलईडीखाली हे नीट दिसत नाही. मागाच्या खोलीतली जुनी ट्यूब काढली नव्हती ते बरं झालं. पट्ट्या मागे सरकत होत्या. टर्नटेबल फिरवणारा रबरी पट्टा सैल पडला होता. नवा घातला, पट्ट्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही षड्ज एकमेकांत मिसळले.

एवढं झाल्यावर तुलना सुरू केली. पहिल्या आठवड्यात सीडी सरळ जिंकत होती. मग भाचा सुट्टीला आला. तो इंजिनिअरिंगला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. दहा मिनिटं बसून म्हणाला, "मामा, दोन्हीचा आवाज सारखा केलाय काय?" नव्हता केला. कानाचा हा मोठा दोष आहे: एखाद्या डेसिबलने मोठं असलेलं कानाला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप घेतलं, मी बसतो त्या खुर्चीवर ठेवलं, आणि सुरुवातीच्या तंबोऱ्यावर दोन्ही जुळवले. वहीची पहिली सहा पानं रद्द.

त्यानंतर जे ऐकलं ते सांगतो.

विलंबितात तबकडी पुढे. किती पुढे, याची परीक्षा आईने केली. ती आता ८४ वर्षांची आहे, दिसतं कमी, कान शाबूत. मी सीडी लावली होती. ती दारात येऊन थांबली आणि म्हणाली, "तंबोरा कुठं गेला रे?"

तंबोरा होता, पण त्यातली जवारी नव्हती. तारेखाली घोडीवर सुताचा धागा नेमक्या जागी सरकवला की एका स्वरातून वरचे कितीतरी स्वर झिणझिणत उठतात. मिरजेला तंबोरे करणाऱ्यांचं अर्धं कसब त्या घोडीत असतं. हे वरचे स्वर अगदी हलके, मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपच्या सळसळीच्याच पातळीवरचे. सीडी काढताना कुणीतरी सळसळ साफ केली आणि तिच्याबरोबर जवारीही साफ झाली. गंगूबाईंच्या मागून कन्या कृष्णा यांचा स्वर येतो, त्यातला श्वास, ओळ सोडतानाचा हलका 'ह', तेही पुसट झालं होतं. एलपीवर चटचट आहे, खरखर आहे, पण त्या खरखरीच्या पलीकडे तंबोरा सलग वाहतो. कान थोड्या वेळाने खरखर सोडून देतो. जे पुसून टाकलं आहे ते मात्र कानाला कुठूनही आणता येत नाही.

(जाता जाता एक. तबकडी मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज देणारी, असेल तर अॅम्प्लिफायरचं मोनो बटण जरूर दाबा. मोनो खाच फक्त आडवी हलते, वरखाली नाही. मोनो केलं की धूळ आणि ओरखड्यांचा वरखाली हिसका बराच कापला जातो. एचएमव्हीच्या जुन्या एलपीवर ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. आमच्या १९ पैकी ११ मोनो निघाल्या, आणि आप्पांनी ते बटण कधी दाबलंच नव्हतं.)

इथवर मी ठरवून टाकलं होतं की तबकडीत ऊब आहे, सीडीत नाही. भाच्याला ते पटेना. त्याने फोनोच्या डबीची वायर लॅपटॉपला जोडली, एलपीची बाजू जशीच्या तशी उतरवली आणि साधी सीडी भाजली. तीच १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने. मग मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि बारा वेळा विचारलं: आता सुई की सीडी? खरखर दोन्हीत तीच, त्यामुळे तिच्यावरून ओळखायची सोय नाही. बारापैकी सात बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. तबकडीची म्हणून जी ऊब मी जपत होतो, ती सगळीच्या सगळी त्या १५ रुपयांच्या चकतीत मावली होती. म्हणजे सीडी या वस्तूत खोट नाही. खोट आहे ती सीडी तयार करणाऱ्याच्या हातात. 'सीडीत आवाजाच्या पायऱ्या होतात' असं आमच्याकडे गाणं ऐकणारे सांगतात, मीही वर्गात सांगितलं असेल. ते खरं नाही. नमुन्यांमधून बाहेर येणारी लहर फिल्टरमधून गुळगुळीत होऊनच येते, आणि साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत तिच्यात काही गाळलेलं नसतं. हलक्यात हलका आणि मोठ्यात मोठा आवाज यांच्यातलं अंतर सीडीत ९६ डेसिबल मावतं, चांगल्या एलपीत ६०-७०.

आता द्रुत.

विलंबित संपून द्रुत सुरू होते तेव्हा सुई आत, लेबलकडे गेलेली असते. तबकडीचे फेरे तेच, पण वर्तुळ लहान झालेलं. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम २०. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने लिहिलेला. १०,००० हर्ट्झची एक लहर बाहेर ५० मायक्रॉन लांब, आत २० मायक्रॉन. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रॉनच्या आसपास असते. एवढं जाड टोक तेवढ्या बारीक वळणात शिरणार कसं? ते वळणं ओलांडत जातं, आणि 'स' चा 'श' होतो, तबल्याच्या चाटीचा (कडेवरच्या बोटाच्या आघाताचा) कडकपणा मऊ पडतो, तानेतले दाणे एकमेकांना चिकटतात.

आणि आपल्या ख्यालाची बांधणी बघा. सुरुवातीला संथ, एकेक स्वर, जागाच जागा. सगळी घाई, सगळ्या ताना, सगळा जोर शेवटी. तबकडीवर सगळ्यात प्रशस्त जागा सुरुवातीला आणि सगळ्यात अडचणीची शेवटी. विलंबिताला वाडा मिळाला आणि द्रुतला माजघर. हे लक्षात आलं तेव्हा लहानपणापासूनचं एक कोडं सुटलं. आप्पा म्हणायचे, शेवटी बाईंचा गळा बसला असणार. गळा बसला नव्हता. सीडीवर त्याच ताना ऐकल्या तर दाणा न् दाणा सुटा, शेवटच्या तिहाईपर्यंत. गंगूबाई अगदी मोकळ्या गळ्याने गाताहेत. पन्नास वर्षं आम्ही त्यांच्यावर उगाच एक दोष लावत होतो.

आमच्या प्रतीत आणखी भर अशी की आप्पांच्या चेंजरची सुई ५-६ ग्रॅम वजनाने घासत असे. आता मी पावणेदोन ग्रॅमवर ठेवतो. आतल्या खाचा आधीच अरुंद, त्यात ही घासाघीस. लंबगोल टोकाची सुई घेतल्यापासून सुधारणा आहे, कारण तिची कड ८ मायक्रॉनपर्यंत बारीक असते, पण झिजलेलं ते झिजलेलंच.

म्हणून आता संध्याकाळी ऐकतो ते असं. विलंबित तबकडीवर. द्रुत सुरू झाली की सुई उचलतो आणि सीडीवर तीच द्रुत लावतो. तंबोरा हरवतो, ताना मिळतात. कुणाला हा खटाटोप वाटेल. मला गाणं पूर्ण ऐकायचं आहे, आणि सध्या ते दोन तुकड्यांत ठेवलेलं आहे.

एक अपवाद नोंदवतो. मन्सूरांची एक जुनी सीडी आहे माझ्याकडे, बहुधा नव्वदच्या आसपासची. टेपची सळसळ तशीच ठेवली आहे, काही साफ केलेलं नाही. तिच्यापुढे एलपी दोन्ही बाबतीत मागे पडते, तंबोऱ्यातही आणि तानांतही. सीडी घेताना 'नव्याने शुद्ध केलेले' असं छापलेलं असेल तर मी आता ती खाली ठेवतो आणि जुनी प्रत शोधतो.

पावसाचं थोडं. बेळगावात जूनपासून चार महिने कव्हरं ओली लागतात, तबकडीवर पांढरे ठिपके येतात. डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, पुन्हा नुसतं पाणी, आणि ताटाळ्यात उभ्या वाळवायच्या. लेबल भिजू द्यायचं नाही. ७८च्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. सीडी पुसताना मात्र मधून बाहेर, सरळ. आणि तिची छापील बाजू जपा. चकचकीत थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. तिथला ओरखडा कायमचा.

शेवटी आप्पांच्या ट्रेबलबद्दल. अॅम्प्लिफायरच्या ट्रेबलच्या बटणाशी त्यांनी मागाच्या तांबड्या रंगाचा ठिपका दिला होता, पार उजव्या टोकाला. बटण तिथेच ठेवायचं, कुणी हलवलं तर चिडत. आम्हाला ते कर्कश वाटे. मागच्या वर्षी मी कान तपासून घेतले. आलेख समजावताना डॉक्टरांनी सांगितलं की सतत यंत्राच्या आवाजात काम करणाऱ्यांचा कान आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास खचतो. जवारी तिथेच असते, 'स' तिथेच असतो, तबल्याची चाट तिथेच. बत्तीस वर्षं मागावर उभं राहून गेलेला तंबोरा आप्पा त्या बटणाने परत ओढून आणत होते.

बटण आता मध्यावर असतं. ठिपका पुसायचा नाही, असं आईने सांगितलं आहे.